नवीन टाकीत मासे दगावताहेत, काय चुकतंय?

प्रश्न: ६० लिटरची टाकी पाच दिवसांपूर्वी भरली, दुसऱ्याच दिवशी आठ गप्पी सोडले. काल दोन गेले. उरलेले वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, एकाचे कल्ले लालभडक झालेत. पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे! बघून जीव तुटतो हो.

उत्तर: स्वच्छ दिसण्यावर जाऊ नका. विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो; तो दिसत नाही. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. माझ्या पहिल्या टाकीत मीही एवढं थांबलो नव्हतो, सगळे मासे गेले. आजच एक तृतीयांश पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालून, तापमान जुळवूनच ओता. दोन दिवस खाणं बंद.

दुसरं उत्तर: स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम.

प्रश्नकर्ता: पाणी बदललं. लाल कल्लेवाला आत्ताच खाली उतरून झाडामागे गेलाय. उद्या अमोनिया तपासून कळवतो.