मदत हवी आहे: गच्चीवरच्या सोनचाफ्याला ऊन-वाऱ्यापासून कसं वाचवू?

पुण्यात नवव्या मजल्यावर पश्चिमेकडची गच्ची आहे. १८ इंची कुंड्यांत सोनचाफ्याची दोन कलमं, साडेतीन-चार फुटांची. दुपारी १ ते ६ थेट ऊन, आणि संध्याकाळी वारा असा सुटतो की दोरीवरचे कपडे शेजारी जातात! पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्यात, कोवळी पालवी तर उलगडायच्या आतच करपते. शिरा हिरव्याच आहेत, कीडही दिसत नाही. पाणी बोअरचं नाही, नळाचं. सकाळी देते, निचरा नीट होतो.

काठीचा आधार देऊन काथ्याने सैल बांधलंय, कुंडीत नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन आहे. ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट वर बांधली होती, ती शिडासारखी फुगून तिसऱ्याच दिवशी एका कोपऱ्यातून फाटली.

सोसायटी कठड्याला भोक पाडू देत नाही. कुंड्या आत घेता येत नाहीत, आणि पावसाळी वारा तर अजून यायचाय.

तर नेट वर बांधण्याऐवजी पश्चिमेला उभी लावली तर ऊन-वारा दोन्ही अडेल का? ५० टक्के पुरेल की ७५ घेऊ, म्हणजे फुलं कमी होणार नाहीत? आणि ज्यांनी अशी नेट लावलीय, त्यांनी भोक न पाडता तिचा सांगाडा कशावर उभा केला?