कुरळे केस आणि अनोळखी माणसांचे प्रश्न: तुम्ही काय उत्तर देता?

कोल्हापुरात प्रश्न विचारायला ओळख लागत नाही. पत्ता विचारावा तितक्या सहज माणसं विचारतात, "काय वो ताई, केस असलेच हाईत का करून घेतलायसा?" महाद्वार रोडला विचारतात, केएमटीच्या बसमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता विचारतात. अंबाबाईच्या दर्शनरांगेत मागच्या बाईनं मला विचारलं होतं, "विंचरायला किती वेळ लागतो गं?" रांग लांब होती, त्यामुळे सविस्तर सांगता आलं.

प्रश्नाचं मला काही वाटत नाही. विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचंच नसतं तेव्हा मात्र डोकं फिरतं. "असेच आहेत" एवढं बोलून मी हल्ली उलटं विचारते, "तुमच्या घरी कुणाचे आहेत का?" बऱ्याचदा एखादी नात, पुतणी, धाकटी जाऊ निघते आणि बोलणं भलतीकडेच जातं. घरात कुणी नसेल तर समोरचा एक सल्ला देऊन मोकळा होतो आणि मीही सुटते.

तर तुम्हाला काय विचारतात आणि तुम्ही काय सांगता, ते लिहा. पुरुषांनीही लिहावं. कुठला शॅम्पू चांगला ही चर्चा शेवटी.

राजारामपुरी, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

मला विचारत नाहीत, थेट हात घालतात. बसमध्ये बसले की मागच्या सीटवरून एक बोट येतं, बट ओढतं, सोडतं. बट परत वर जाते आणि मागची मंडळी खूश. लहान पोरं असली तर मीही हसते, त्यांना अजून एकदा ओढू देते. मोठ्या बायका असल्या तर म्हणते, "काकू, मला पण तुमची वेणी ओढून बघायचीय, वळा की जरा." आजवर एकीनंही वळून दिली नाही.

कॉलेजात मॅगी म्हणतात. त्याचं काही नाही, निदान आवडीचा पदार्थ आहे.

मंगळवार पेठ, शिवणकाम

तुम्हा पोरींना मॅगी म्हणत्यात. मला "जट आलीया काय गं?" म्हणून विचारायचे.

मी सातवीत हुतो. केस दाट, बारीक कुरळे. आई दिवसभर कामाला, डोकं बघायला घरात कोण न्हाई. कानामागं गुंता झाला, तेल-घामानं घट्ट बसला. मंगळवारी जोगवा मागायला एक जोगतीण यायची, परडी घेऊन. तिनं बघितलं आणि आईला म्हणाली, "आई आलीया पोरीच्या डोक्यात, कातर लावू नगंस." झालं. दुसऱ्या गल्लीतल्या बायका, ज्यांची नावं आम्हांस्नी ठाऊक न्हवती, त्या पण हळदकुंकू लावाय येऊ लागल्या. मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला एसट्या सुटतात, तिकडं घेऊन जावा म्हणून सांगू लागल्या. मला तवा गंमत वाटायची, सगळी पाया पडत्यात म्हणून. आईला घाम फुटला हुता. जट आलेल्या पोरीला देवाला सोडत्यात हे तिनं डोळ्यानं बघितलं हुतं. शाहू महाराजांनी जोगत्या-मुरळ्या सोडायला १९२० सालीच कोल्हापूर संस्थानात बंदी घातली हुती. पुढं २००५ ला महाराष्ट्र सरकारनं नवा कायदा केला. पण कायदा काय गल्लीत येऊन केस विंचरत न्हाई.

विंचरले ते शाळेतल्या बाईंनी. आईला समोर बसवलं, गुंत्यात खोबरेल मुरवलं आणि टोकाकडनं, मुळाकडनं न्हवं, एकेक केस मोकळा केला. काही संध्याकाळी गेल्या त्यात. जे सुटलं न्हाई ते कातरलं. आई रात्रभर जागी, काय तरी हुईल म्हणून. सकाळी मी भाकरी मागितली तवा तिचा जीव भांड्यात पडला. अंनिसची, म्हंजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, माणसं जट सोडवत्यात ती पण अशीच, आधी घरच्यांची समजूत काढून आणि मगच कातर.

आता माझी लेक माझ्यावर गेलीया. रंकाळ्यावर कोण बाई तिच्या डोक्याकडं बघून कुजबुजली की मी पिशवीतली फणी काढतो आणि म्हणतो, "मावशी, बघा फिरवून, जातीया का न्हाई आरपार." एक-दोघींनी खरंच फिरवून बघितली. चांगलं झालं. घरी जाऊन सांगतील चार जणींना.

शाहूपुरी

"खरे आहेत का?"
"नाही, रविवारी धुऊन वाळत घालते."

राजारामपुरीच, पण दुसरी

"एवढे पैसे घालवून कुरळे करून घेतलेस?" आणि "एवढ्या पैशात सरळ होतात की!" असं म्हणणाऱ्या दोघी एकाच लग्नात माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मी दोघींची ओळख करून दिली आणि जिलेबी खाल्ली.

शिवाजी पेठ

भावांनो, आपल्याला पण विचारत्यात. सलूनच्या खुर्चीत टेकायच्या आधी प्रश्न येतो, "झिरो मारू?" का रे बाबा? सरळ केसवाल्याला विचारतोस का? नको मारू म्हटलं की तो पाणी मारून केस ताणतो, कपाळावर बरोबर मापात कापतो आणि वाळले की सगळं चार बोटं वर. मग आठवडाभर गल्लीत नवा प्रश्न, "हे काय केलंयस?"

हेल्मेट काढलं की वेगळं. पेट्रोल पंपावर एकानं विचारलं, "विग हाय काय?" म्हटलं, विग असता तर हेल्मेटबरोबर आला नसता का.

पण जोतिबाचं सांगायचं राहिलं. चैत्र यात्रेला गेलो, सासनकाठ्या बघितल्या, गुलालात न्हालो. सरळ केसवाली मंडळी घरी येऊन दोन तांबे ओतून माणसात आली. माझ्या डोक्यातनं आठवडाभर गुलाल निघत होता. उशी गुलाबी, कॉलर गुलाबी. दुकानात आलेलं गिऱ्हाईक, बापजन्मात न बघितलेलं, विचारतं, "कुठली निवडणूक जिंकलासा?" त्याला म्हटलं, बिनविरोध.

ताराबाई पार्क

मला विचारतात, "पर्म कुठे केला?" पन्नाशीपर्यंत माझे केस सुतासारखे सरळ होते. केमोथेरपीत गेले आणि परत आले ते कुरळे. औषधांचा केसांच्या मुळांवर परिणाम होतो, त्यामुळे नव्या केसांचा पोत बदलतो, क्वचित रंगसुद्धा. अनेकींचे पुढे हळूहळू पहिल्यासारखे होतात. माझे अजून तरी झालेले नाहीत, आणि खरं सांगायचं तर झाले नाहीत तरी चालेल असं आता वाटायला लागलंय.

सुरुवातीला मी "पुण्याला केला" असं ठोकून द्यायचे. लग्नाच्या हॉलमध्ये आजाराची कथा कोण सांगत बसणार? मग एकदा हळदीकुंकवाला एक अनोळखी बाई पर्मचं विचारून तिथेच घुटमळत राहिली. तिच्या बहिणीचे उपचार चालू होते. माझ्या केसांची लांबी बघून तिला अंदाज आला होता. तिला विचारायचं होतं की परत येतात का, केव्हा येतात. तेव्हापासून खरं तेच सांगते. कुणी दचकतं, कुणी विषय बदलतं, कुणी खुर्ची ओढून बसतं.

या गोतावळ्यात मी उशिरा आले, पण सल्ले मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळाले.

विद्यापीठ परिसर, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो

"आईवडिलांचे सरळ, मग हिचे असे कसे?" आमच्या मुलीकडे बघून हा प्रश्न माझ्या पत्नीला विचारला जातो. त्यातला खवचटपणा तुम्हाला कळला असेलच. मी तो न कळल्याचं सोंग घेतो आणि थेट धडा सुरू करतो.

केस ज्या केशकूपातून उगवतो तो सरळ असेल आणि केसाचा आडवा छेद गोल असेल, तर केस सरळ वाढतो. केशकूप वाकडा आणि छेद लंबगोल असेल तर तो वळत वाढतो. हे ठरवणारं जनुक एकच नाही, पुष्कळ आहेत. त्यामुळे सरळ केसांच्या जोडप्याला कुरळ्या केसांचं मूल होऊ शकतं. वयात येताना सरळ केस कुरळे होऊ लागतात तेही अनेकांनी पाहिलं असेल.

इथपर्यंत प्रश्नकर्ते सहसा टिकत नाहीत. एखादा टिकलाच तर त्याला पुढचं सांगतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या साखळ्यांमध्ये दोन प्रकारचे बंध महत्त्वाचे. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. म्हणून ओले केस लांब दिसतात, आणि घरात इस्त्री फिरवून सरळ केलेले केस जुलैत दाराबाहेर पाऊल टाकताच फुलतात. गंधकाचे बंध मात्र पाण्याला दाद देत नाहीत, ते रसायनांनी तोडावे लागतात. ते तोडून केस सरळ केले तरी केशकूप आहे तसाच राहतो, आणि महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या वेगाने कुरळा केस पुन्हा हजर होतो.

कसबा बावडा

सरांचं वरचं उत्तर मी पाठ करून ठेवणार. माझी मुलगी दोन वर्षांची आहे आणि भाजी घेताना हमखास ऐकावं लागतं, "जावळ नीट काढलं नाहीसा. परत एकदा टक्कल करा, सरळ येतील." भादरून जर केशकूप बदलत असते तर गावातल्या सगळ्या पुरुषांचे केस सलूनमधल्या फोटोंसारखे झाले असते.

मला त्रास वेगळाच होतो. ते तिला ऐकू जातं. हल्ली ती आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी केस दाबून धरते. म्हणून मी मावशींना उत्तर देतच नाही. मुलीकडे बघून म्हणते, "तुझे केस आबांसारखे आहेत, होय ना?" ती मान डोलावते. मग मावशीही डोलावतात, त्यांना दुसरं काही सुचत नाही.

गंगावेश, आजी

सगळं वाचलं. मी विचारणाऱ्यांतली आहे. माझे केस सरळ आणि आता मूठभर राहिलेत. नातीचे कुरळे. सून नोकरीला जाते, सकाळी पोरीचं आवरायचं काम माझ्याकडे. फणी बघितली की पोर रडत पलंगाखाली जाते. शेजारीण म्हणते, कापून टाका. व्हिडिओत दाखवतात त्या मुली अर्धं इंग्रजीत बोलतात आणि त्यांच्या बाटल्यांच्या किमती ऐकून मीच पलंगाखाली जायची. मग रस्त्यात तुमच्यासारखी एखादी दिसली की तिला विचारते, बाई, तू कशी विंचरतेस. आता तुमच्यातली ती "वाळत घालते" म्हणणारी भेटली तर मी काय समजायचं?

शाहूपुरी

आजी, ते उत्तर तुमच्यासाठी नव्हतं. हात धरून थांबवा मला, बसून सांगेन.

राजारामपुरी, पार्लर चालवते

आजी, कुणी सांगितलं तरी एवढ्या लहान पोरीचे केस सरळ करायला नेऊ नका. मोठ्या मुलीही लग्नाच्या तोंडावर येतात, "काकू, पाहुण्यांनी विचारलं की लाज वाटते, स्मूथनिंग करा." मी त्यांना आधी बाटलीवरचं वाचायला लावते. काही मिश्रणांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड सुटतं. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत त्याची गणना आहे. ते नाही म्हणून ग्लायॉक्झिलिक ॲसिडचं वापरावं, तर त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी २०२४ साली वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. माझं गिऱ्हाईक कमी होतं यानं, हे मला कळतं. पण ती वाफ मीही दिवसभर ओढते ना.

धागा काढणारी

आजी, शॅम्पूची चर्चा शेवटी म्हटलं होतं, पण तुमच्यासाठी आधी घेऊ.

सकाळी कोरड्या केसांत फणी घालूच नका, रडण्याचं निम्मं कारण तेच. डोक्याच्या त्वचेचं तेल सरळ केसावरून खाली उतरतं तसं वळणावळणाच्या केसावरून उतरत नाही, त्यामुळे टोकं कायम कोरडी राहतात आणि एकमेकांत अडकतात. विंचरायचं ते न्हाणीघरात, केस ओले असताना, कंडिशनर भरपूर लावून. साधा, दुकानात मिळणारा चालेल. ओला केस ताणला तर तुटतो, म्हणून मोठ्या दातांची फणी घ्या आणि वरच्या शिवणकामवाल्या ताईंनी सांगितलं तसं टोकाकडून सुरू करा. डोक्याचे चार भाग करा, एक झाला की पिळा घालून बाजूला. आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. मधल्या दिवशी नुसता पाण्याचा हात फिरवून शाळेत पाठवा. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती धोतरानं टिपा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या, क्षार कमी बसतात.

महागाच्या जेलऐवजी जवस. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळा, चमच्यातून तार सुटायला लागली की लगेच गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर गाळणीत सगळं अडकून बसेल. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं. ओल्या केसांना लावून बोटांनी दाबत वर न्यायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. नातीला हात न लावू देणं हे सगळ्यांत कठीण.

गंगावेश, आजी

जवस घरात आहे, चटणीला आणलेला. आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं म्हणू नका, विचारतच होते.

शिवाजी पेठ

जवसाची चटणी डोक्याला लागणार म्हणजे. असू दे. आता माझं कुणी तरी ऐका. केस कोरडे असताना, वळण बघून कापणारा कारागीर कोल्हापुरात कुठं आहे का? लहान मुलींचं नाही, बाप्यांचं सलून. जयसिंगपूर, सांगली, मिरजेपर्यंत यायची तयारी आहे. पुण्याला मात्र नाही, एवढ्यासाठी कोण जातंय.