‘सीक्रेट सुपरस्टार’ आपल्या पोरींना दाखवावा का?

शिक्षिका, घाटंजी तालुका:
शनिवारी नववीला ‘सीक्रेट सुपरस्टार’ दाखवला. 2017 चा हिंदी चित्रपट. बडोद्याची 15 वर्षांची इन्सिया, गाण्याचं वेड. घरात बाप आईला मारतो. हार विकून आईनं लॅपटॉप घेतला हे कळल्यावर तो तिला मारतो आणि लॅपटॉप पोरीच्याच हातानं खाली फेकायला लावतो. तिथं चार मुली माना खाली घालून बसल्या. कोणत्या घरच्या, ते मला ठाऊक आहे. सोमवारी एक पालक शाळेत आले, “पोरींना घटस्फोट शिकवता काय?” म्हणाले. माझं मत, दाखवायलाच हवा. तुमचं?

शेतकरी, राळेगाव:
मॅडम, राग नका मानू, मी त्या पालकाच्या बाजूनं हाओ. शेवटी विमानतळावर माय नवऱ्याच्या हाती घटस्फोटाचे कागद देते अन् लेकराईले घेऊन निघते. जाते कुठं? पुढं अवॉर्डचा सोहळा होते अन् पिच्चर संपते. आमच्या इथं सातबारा नवऱ्याच्या नावावर, माहेरी भावजयचं राज्य, कापसाची वेचणी संपली का बाईच्या हाताले काम नाही. पोट्टी घरी जाऊन माईले म्हणन ‘सोड याले’, बापानं आयकलं तर मार दोघीईले. तवा तुमी मधात पडसान का?

वकील, यवतमाळ:
भाऊ, घर सोडायचीच गरज नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा बाईला सामाईक घरात राहायचा हक्क देतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. घटस्फोट न मागताही संरक्षण आणि खर्ची मागता येते. बाईला सरकारी विधी सेवेकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं, शेजारीसुद्धा. प्रामाणिकपणे कळवलं तर त्याच्यावर बालंट येत नाही.

शेतकरी, राळेगाव:
कायदा यवतमाळात हाय साहेब. गावात तंटामुक्ती समिती हाय. आमच्या गल्लीतल्या एकाले तीनदा बसवलं, तीनदा त्यानं हात जोडले, तीनदा बाईले त्याच घरी धाडलं. मी पण होतो त्या बैठकीत.

बचत गटातली, वणी:
मूळ दारू आहे. आमच्या जिल्ह्यात आडवी बाटली (दारूबंदी) करा, अर्धे हात आपोआप थांबतील.

शिक्षिका, घाटंजी तालुका:
ताई, दारूशी लढा हवाच. पण इन्सियाचा बाप पगारदार इंजिनिअर आहे, दारूच्या नशेत मारणारा नाही. चंद्रपुरात 2015 ते 2021 बंदी होती, तेव्हा तिथल्या सगळ्या बायका निवांत झोपल्या असं तुम्ही म्हणाल का?

नर्सिंगची विद्यार्थिनी, मूळ गाव दारव्हा तालुक्यात:
मीही शाळेत अशीच मान खाली घालणारी पोरगी होते. मॅडम, तुमचं अर्धंच पटतं. सिनेमातली इन्सिया स्वतः वकील गाठते, घटस्फोटाचे कागद करून आईपुढे ठेवते. आई आधी चिडते, नकार देते. तेवढं अगदी खरं. मी बारावीत आईला तेच म्हटलं. तिनं मलाच थापड मारली, आणि रात्री माझ्या पायाला तेल लावत बसली. आईला वाचवणं हे लेकराचं काम नाही. आमच्या घरचा आवाज पलीकडच्या ओसरीवर ऐकू जायचा, आणि तिथं टीव्हीचा आवाज वाढायचा. तो सिनेमा त्या ओसरीवरच्यांना दाखवा. आम्हाला त्यातलं सगळं पाठ आहे.
आणि आई आधीपासून गप्प होती असं समजू नका. इन्सियाच्या जन्माआधी पोटातली मुलगी पाडू नये म्हणून तिची आई घरातून पळाली होती. माझ्या आईनंही अशा दोन-तीन गोष्टी केल्या. मला फार उशिरा कळल्या.

शेतकरी, राळेगाव:
टीव्हीचा आवाज आम्ही बी वाढवला असन. नाही म्हणत नाही.

शिक्षिका, घाटंजी तालुका:
मग येत्या पालकसभेत मोठ्या माणसांनाच दाखवते, संरक्षण अधिकाऱ्यांना बोलावून. वर्गाच्या फळ्यावर मदतीचे फोन नंबर, मुलांसाठी 1098 आणि बायकांसाठी 181, मात्र उद्यापासून राहतील. भाऊ, तुम्ही याल?

शेतकरी, राळेगाव:
येतो. समितीतल्या दोघाईले घेऊन येतो. त्या चार पोट्ट्याईले तेवढं त्या दिवशी सभेत नका बसवू.