सोडायचाच, तर पकडायचा कशाला?

मासा परत सोडायचाच, तर पहाटे चारला उठून पकडायला जायचं कशाला, असं कुणीही विचारेल. डॅलसला आमच्या शेजारच्या मराठी घरातल्या मुलाला मीही हेच विचारलं होतं. १७ वर्षांचा होता. बास हा गोड्या पाण्यातला मासा म्हणजे त्याचा जीव की प्राण. मला टेक्ससमधल्याच लेक फोर्क या तलावावर घेऊन गेला. तिथे १६ ते २४ इंचांमधला लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा) बास ठेवायचाच नाही, असा नियम. १९९२ मध्ये तिथेच १८.१८ पौंडांचा निघाला, टेक्ससचा विक्रम. हे तो घरच्याचा पराक्रम असल्यासारखं सांगायचा.

आमिष म्हणून लावलेल्या प्लॅस्टिकच्या गांडुळात गळाचं टोक पुन्हा आत खुपसायचा, म्हणजे पाणगवतात अडकत नाही. मासा लागला की खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलायचा. बासचे दात बारीक, कानशीसारखे. त्याचा अंगठा कायम खरबरीत. "काका, बघा ना कसला चिडलाय!" म्हणेपर्यंत मासा पाण्यात. (मी रत्नागिरीचा, पोटात कालवायचं ते सोडा.)

पुढच्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला. वहिनींनी त्याचा गळांचा डबा मला दिला. आत मोजपट्टी आहे, १६ आणि २४ वर लाल मार्करच्या रेघा मारलेल्या.