एक तुपाशी, एक उपाशी: स्पोर्ट्स कार कंपन्यांचे अहवाल कुठून वाचायला घ्यावेत?

सहावा गिअर
नमस्कार मंडळी. महागड्या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपन्यांची तुलना करणारं एक कोष्टक करतोय. २०२४ मध्ये फेरारीने १३,७५२ गाड्या देऊन १५२.६ कोटी युरो निव्वळ नफा कमावला. अ‍ॅस्टन मार्टिनने ६,०३० गाड्या दिल्या आणि करपूर्व तोटा २८.९ कोटी पौंड! गाड्या निम्म्याहून थोड्या कमी, मग नफाही साधारण निम्मा का नाही? अहवाल शेकडो पानांचे आहेत. आधी कोणते आकडे काढू? लॅम्बोर्गिनी, पोर्शे, मॅक्लॅरेन त्याच कोष्टकात चालतील का?

ताळेबंद तात्या
नफा-तोट्याची शेवटची ओळ सध्या झाकून ठेवा आणि वरून पायरी-पायरीने उतरा.

पहिली पायरी, दर गाडीमागे उत्पन्न. फेरारीचं एकूण उत्पन्न ६६७.७ कोटी युरो, पण त्यात फॉर्म्युला वनचं प्रायोजकत्व आणि ब्रँडची कमाईही आहे. फक्त 'गाड्या आणि सुटे भाग' ही ओळ घ्या: ५७२.८ कोटी. भागाकार केला की गाडीमागे सुमारे ४.१६ लाख युरो येतात. यातला जवळपास पाचवा हिस्सा ग्राहकाने मागितलेल्या खास रंग, शिलाई, कार्बन फायबर वगैरेंचा. त्या कामात मार्जिन भरपूर. अ‍ॅस्टन मार्टिन सरासरी विक्री किंमत स्वतःच देते, २.४५ लाख पौंड. मात्र व्हॅल्कीरीसारखी मोजकीच बनणारी मॉडेल्स वगळली की उरतात १.७७ लाख. कोष्टकात हा दुसरा आकडा टाका. पहिला आकडा खास मॉडेल्स किती निघाली त्यावर दरवर्षी वरखाली होतो.

आता खरी मेख. अ‍ॅस्टन मार्टिनचा २०२४ चा समायोजित एबिटडा (व्याज, कर, घसारा आणि एकवेळचे खर्च धरण्याआधीचा नफा) २७.१ कोटी पौंड होता, म्हणजे चक्क नफा. त्यातून घसारा आणि विकासखर्चाचा वार्षिक हप्ता मिळून सुमारे ३५.४ कोटी गेले. काही एकवेळचे खर्च धरून कामकाजाचा तोटा ९.९५ कोटी झाला. त्याखाली व्याज वगैरे सुमारे १९ कोटी. (डॉलरमधल्या कर्जावरचा विनिमयाचा फरकही त्यातच असतो.) झाले २८.९ कोटी. या दोन ओळींना ६,०३० ने भागून बघा: गाडीमागे घसारा जवळजवळ ५९ हजार पौंड आणि व्याज वगैरे ३१ हजार. १.७७ लाखांच्या गाडीने हे कसं सोसायचं?

फेरारीचा कामकाजाचा नफा १८८.८ कोटी युरो, उत्पन्नाच्या २८.३ टक्के. आणि निव्वळ औद्योगिक कर्ज (वित्तसेवा वगळून, हातातली रोख वजा करून) वर्षअखेर फक्त १८ कोटी. तिकडे अ‍ॅस्टन मार्टिनच्या डोक्यावर ११६ कोटी पौंड.

रिकामा रस्ता
एवढा हिशेब कशाला? फेरारी मुद्दाम कमी गाड्या बनवते, म्हणून भाव टिकतो. संपलं.

ताळेबंद तात्या
अहो, अ‍ॅस्टन मार्टिन त्याहूनही कमी बनवते की! गाड्या मागणीपेक्षा कमी असाव्या लागतात, नुसत्या कमी असून भागत नाही.

शोरूमचा कोपरा
तात्यांच्या याच मुद्द्यासाठी एक रकाना वाढवा: घाऊक आणि किरकोळ विक्री. गाडी डीलरकडे गेली की कंपनीच्या वहीत विक्री लागते, ग्राहकाने घेतली नसली तरी. मागणी मंदावली असताना गाड्या रेटत राहिलं की ते वर्ष छान दिसतं. पुढे डीलर सवलती देऊ लागतात, जुन्या गाड्यांचे भाव पडतात आणि नव्या गाडीचा ग्राहक थांबून राहतो. अ‍ॅस्टन मार्टिनची घाऊक विक्री २०१९ मध्ये ५,८६२ होती, ती २०२० मध्ये ३,३९४ वर आली. महामारी हे एक कारण, पण नव्या व्यवस्थापनाने डीलरांकडचा साठाही जाणूनबुजून उतरवला. ते दुखणं एकदा सोसावंच लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने त्या वर्षीचं उत्पादन सुमारे हजार गाड्यांनी कमी केलं, ते पुरवठादारांच्या अडचणी आणि चीनमधल्या मंदीमुळे. दोन कपातींची कारणं वेगळी, एकाच रंगात रंगवू नका.

सहावा गिअर
तात्या, कोपरा, फार आभार. शेअरचा भाव घेऊ का? अ‍ॅस्टन मार्टिनचा २०१८ चा भाव आणि आजचा भाव यांचा काही मेळच बसत नाही.

भागभांडवल
बसणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शेअर १९ पौंडांना आला. डिसेंबर २०२० मध्ये २० शेअरांचा एक केला. २०२२ मध्ये एका शेअरमागे चार नवे, १०३ पेन्सने, असा राइट्स इश्यू (आहे त्याच भागधारकांना नवे शेअर देऊ करणं) आला. त्यामुळे जुना आलेख कुठे जुळवून घेतलेला असतो, कुठे अर्धवट. भाव सोडा, कंपनीचं एकूण बाजारमूल्य घ्या. शेअर बाजारातल्या नोंदणीच्या वेळी ते सुमारे ४३३ कोटी पौंड होतं. शेजारी दर वर्षी भागधारकांकडून उभारलेला पैसा लिहा. फेरारीकडे उलट रकाना लागेल, लाभांश आणि शेअरच्या पुनर्खरेदीचा.

पोर्शे घेताना नाव नीट बघा. गाड्या बनवणारी पोर्शे एजी सप्टेंबर २०२२ मध्ये ८२.५० युरोंना बाजारात आली. पोर्शे ऑटोमोबिल होल्डिंग ही वेगळी, मुख्यतः फोक्सवॅगनचे शेअर धरून बसलेली. दोघींची गल्लत हमखास होते.

शोरूमचा कोपरा
आणि पोर्शेला फेरारीशेजारी बसवू नकाच. २०२४ मध्ये तीन लाखांवर गाड्या, म्हणजे धंदाच वेगळा. तिच्यासाठी चीनचा रकाना ठेवा: २०२१ मध्ये तिथे ९५,६७१ गाड्या, २०२४ मध्ये ५६,८८७. फेरारीच्या २०२४ च्या गाड्यांपैकी मुख्य चीन, हाँगकाँग आणि तैवान मिळून साडेआठ टक्क्यांच्या आसपासच, म्हणून तिला तो झटका फारसा लागला नाही.

लॅम्बोर्गिनी मात्र चालेल. शेअर बाजारात नाही. आकडे तिची मालक असलेल्या ऑडीच्या अहवालात आणि कंपनीच्या निवेदनात मिळतात. २०२४ मध्ये १०,६८७ गाड्या, ३०९ कोटी युरो उत्पन्न, ८३.५ कोटी कामकाजाचा नफा. निम्म्याहून जास्त गाड्या उरुस, म्हणजे त्यांची एसयूव्ही. 'एसयूव्ही आणली की तरलो' असं यावरून समजू नका. अ‍ॅस्टन मार्टिनची एसयूव्ही डीबीएक्स २०२० पासून आहेच. उरुसचा सांगाडा ऑडी, पोर्शे, बेंटलीच्या एसयूव्हींबरोबर वाटून घेतलेला आहे. डीबीएक्ससाठी अ‍ॅस्टन मार्टिनने स्वतःचा सांगाडा बनवला, वेल्समध्ये सेंट अथान इथे नवा कारखाना उभारला, आणि तो खर्च वाटायला जोडीदार नाही. तात्यांची घसाऱ्याची ओळ फुगते त्यात याचाही वाटा आहे.

रिकामा रस्ता
आणि मॅक्लॅरेन?

भागभांडवल
कोष्टकाबाहेर, तळटीप म्हणून. शेअर बाजारात नोंदणीकृत नसल्याने आकडे उशिरा आणि तुटक मिळतात, आणि मालकी बदलली की जुन्या-नव्या वर्षांची तुलना फसते. २०२१ मध्ये त्यांनी वोकिंगचं मुख्यालय १७ कोटी पौंडांना विकून तिथेच भाड्याने राहायचं ठरवलं. अशा वर्षी रोख शिल्लक बरी दिसते, म्हणून कोणत्याही कंपनीचा रोख प्रवाह घेताना मालमत्ता विकून आलेला पैसा आधी वजा करा. फेरारीतही एक गोष्ट तपासा: एफ८० सारख्या ७९९ गाड्यांच्या मालिकेवर ग्राहकांकडून आगाऊ रक्कम घेतली, तर ती रोख आज येते, विक्री पुढे लागते. 'आगाऊ रकमा' ही टीप उघडून दोन वर्षांचा फरक वेगळा लिहून ठेवा.