शब्दचर्चा: जपानी ‘बुन’ म्हणजे दर्जा, पायरी की वाटा?

प्रश्न

एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) कन्फ्यूशियन लेखनाचं मराठी करताना ‘बुन’ हा शब्द पानोपानी अडवतो. ‘प्रत्येकाने आपल्या बुनप्रमाणे कपडे घालावेत’ अशी वाक्यं सारखी येतात. कोशात ‘दर्जा’ सापडतो. ‘जात’ किंवा ‘लायकी’ चालेल का?

उत्तर

‘जात’ नको. ‘मिबुन’ (माणसाचा बुन) बहुतेकांना जन्माने मिळे हे खरं. पण दत्तक गेलेल्याला नव्या घराचा मिबुन मिळायचा. शिवाय सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी ही उतरंड सोवळ्याओवळ्यावर उभी नव्हती, कोणाकडे कोणतं काम यावर होती. विटाळाची कल्पना ‘एता’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांबाबत होती. तो विषय वेगळा.

अक्षर बघा. वर ‘आठ’चं चिन्ह, म्हणजे मुळात दोन बाजूंना फाकलेल्या रेघा, आणि खाली सुरी. कापून वेगळं केलेलं, म्हणजे वाटा. हेच अक्षर जपानीत घड्याळाच्या मिनिटालाही लागतं आणि ‘जिबुन’ म्हणजे ‘स्वतः’ या शब्दातही येतं. तेव्हा मुळातला अर्थ उंचीचा नाही, वाटणीचा आहे. धान्यातला मोबदला, करायचं काम, अंगावरचं कापड, सगळं मिळून एकाच्या वाट्याला जे आलं तो त्याचा बुन. ‘दर्जा’ने फक्त वर-खाली कळतं, कर्तव्य निसटतं. ‘लायकी’ तर शिवीच्या अंगाने जाते.

आणखी एक उत्तर

‘वाटा’ पटतो, पण ‘पायरी’ टाकून देऊ नका, ती दुसऱ्या शब्दासाठी लागेल. या लेखनात दोन दोष वेगळे आहेत आणि भाषांतरात ते हमखास एक होतात. ‘शाशी’ म्हणजे उधळपट्टी. ‘सेन्जो’ म्हणजे वरच्याची खूण खालच्याने अंगावर घेणं. लक्षाधीश व्यापाऱ्याने भारी रेशीम रोख पैसे मोजून घेतलं, तर त्याच्या तिजोरीला धक्काही लागत नाही. तरीही तो सेन्जो. त्याला मराठीत ‘पायरी सोडणं’ हाच शब्द आहे.

१६१५ च्या ‘बुके शोहात्तो’ या सामुराई घराण्यांसाठीच्या कायद्यात पोशाखाचं कलम आहे. धनी आणि चाकर, वरचे आणि खालचे यांचे कपडे वेगळे दिसले पाहिजेत. पांढरं नक्षीचं रेशीम, पांढरा कोसोदे (बाहीचं तोंड लहान असलेला अंगरखा), जांभळं अस्तर वगैरे परवानगीशिवाय वापरू नये. त्यात किमतीचा उल्लेखच नाही, सगळा भर रंगावर आणि विणीवर. तिथे ‘महागड्या कपड्यांवर बंदी’ लिहिलं तर कलमच बदलतं.

१६२८ चा शेतकऱ्यांसाठीचा हुकूमही असाच फसवतो. शेतकऱ्याने सुती किंवा ताग-अंबाडीसारख्या सालीच्या धाग्याचं कापड वापरावं. ‘नानुशी’ला आणि शेतकऱ्यांच्या बायकांना ‘त्सुमुगी’पर्यंत मुभा. (नानुशीला ‘पाटील’ चालेल, पण तळटीप द्या.) त्सुमुगी हे सलग तार न निघणाऱ्या कोशांचं रेशीम हाताने कातून विणलेलं, गाठीगाठींचं, चमक नसलेलं कापड. ते नुसतं ‘रेशीम’ लिहिलं की जे नाकारलं तेच दिल्यासारखं वाटतं.

दुरुस्ती नव्हे, भर

दोन्ही दोष एकत्र येतात असेही हुकूम आहेत. १६८३ मध्ये त्सुनायोशी या शोगुनच्या (शोगुन म्हणजे जपानचा लष्करी शासक) काळात बायकांच्या कपड्यांत सोन्याची जर, भरतकाम आणि अंगभर ‘कानोको’ यांना बंदी झाली. कानोको म्हणजे कापडाचा एकेक चिमटीएवढा भाग दोऱ्याने बांधून रंगवलेले ठिपके. अंगभर ठिपके म्हणजे हजारो गाठी, त्यामुळे किंमत आणि मिरवणं दोन्ही. मग लोकांनी भारी कापड अस्तराला लावलं आणि बाहेरून करडे-तपकिरी रंग ठेवले. असे हुकूम टिकत नसत म्हणून ‘मिक्का हात्तो’, तीन दिवसांचा कायदा, हा वाक्प्रचार रुळला.

ते का टिकत नाहीत याचा सर्वात कडक विचार कन्फ्यूशियन पंडित ओग्यू सोराइने (१६६६ ते १७२८) योशिमुने शोगुनसाठी लिहिलेल्या ‘सेइदान’मध्ये आहे. तिथला कळीचा शब्द ‘सेइदो’. आजच्या जपानीत त्याचा अर्थ ‘व्यवस्था’, पण सोराइच्या तोंडी तो घालू नका. त्याच्या लेखी सेइदो म्हणजे कपडे, घर, भांडीकुंडी, लग्न, मर्तिक या सगळ्याचं प्रत्येक पायरीला नेमून दिलेलं माप. ते नसेल तर पैसा हेच माप उरतं. पैसेवाला हवं ते घालतो, सामुराईला त्याच्यापुढे कमीपणा वाटतो, तो कर्ज काढतो. मोजक्या चांगल्या मालावर सगळेच तुटून पडतात आणि भाव चढतात. नुसतं ‘काटकसर करा’ सांगून भागत नाही, कारण किती म्हणजे काटकसर हे ठरलेलंच नाही. आपोआप पडलेल्या चालीरीतीला तो सेइदो मानत नाही. म्हणून ‘रीत’ चूक, ‘घालून दिलेली मर्यादा’ बरोबर. ‘घालून दिलेली’ गाळू नका, त्याचा सगळा मुद्दा त्यातच आहे.

आणखी एक शब्द

‘शिन-इ’ हा कन्फ्यूशियन पंडितांचा पोशाख आला तर ‘झगा’ लिहून मोकळं होऊ नका. ‘लीजी’ या चिनी विधिग्रंथात त्याचा प्रत्येक भाग अर्थासकट दिला आहे: बारा महिन्यांसाठी बारा पट्टे, कंपासासारखी गोल बाही, गुण्यासारखी काटकोनी गळपट्टी, ओळंब्यासारखी सरळ पाठीची शिवण, तराजूसारखी समतल खालची कड. लांबी अशी की अंग दिसू नये आणि जमिनीला लागू नये.

कन्फ्यूशियन पंडित फुजिवारा सेइका हा पोशाख घालून १६०० मध्ये इएयासूसमोर (पुढे एदो काळाचा पहिला शोगुन) गेला, असं त्याचा शिष्य हायाशी राझानने लिहिलं आहे. राझानला स्वतःला मात्र १६०७ मध्ये मुंडण करून ‘दोशुन’ हे भिक्षूचं नाव घ्यावं लागलं, कारण शोगुनच्या दरबारात विद्वानासाठी वेगळी जागा नव्हती, भिक्षूची होती. नाकाए तोजू या दुसऱ्या कन्फ्यूशियन पंडिताने त्यावर सणसणीत टीका केली. राझानचा नातू होको याला केस वाढवायची मुभा मिळाली ती १६९१ मध्ये. ‘दर्जा’ लिहिलं तर हे प्रकरण कळत नाही. कन्फ्यूशियन पंडिताला तोवर स्वतःचा *वाटाच* नव्हता, हे लिहिलं की कळतं.

मूळ प्रश्नकर्ता

मग वाक्य असं करतो: ‘प्रत्येकाने आपल्या वाट्याला शोभतील असे कपडे घालावेत.’

उत्तर

‘शोभतील’ काढा, त्याने नजर सौंदर्याकडे जाते. अशा जागी बहुधा ‘ओजिरु’ हे क्रियापद असतं, हाकेला ओ देणं या अर्थाचं. ‘वाट्याशी जुळतील असे’ करा.