‘बायकांना रडकंच आवडतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोथरूडची_लेक

काल इथे एकाने लिहिलं की मराठीत बायकांसाठी हलक्याफुलक्या, हसवणाऱ्या कादंबऱ्या नाहीत, कारण बायकांनाच त्या नको असतात. त्यांना रडकं लागतं, आणि हसायचंच असेल तर इंग्रजी वाचावं. ते वाचल्यापासून माझं डोकं तापलंय.

जूनमध्ये माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. वय ६९. रात्री पाय ठणकायचे, झोप यायची नाही. म्हणाली, “एखादी कादंबरी आण गं. हसू येईल अशी. सासूचा छळ नको, कॅन्सर नको, मुलगा अमेरिकेत जाऊन विसरला हेही नको.” भर पावसात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची चार दुकानं फिरले. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, विनोदी म्हणजे पुलं आणि मिरासदार. आईचं ते सगळं वाचून झालंय, कित्येक पानं तोंडपाठ आहेत. म्हटलं, बाईने लिहिलेली, बाईच मुख्य पात्र असलेली कादंबरी हवी. तिथल्या मुलाने मला पाककृती आणि भरतकामाच्या कपाटापुढे नेऊन उभं केलं. तिसऱ्या दुकानात “लेडीजना आवडते ही” म्हणून जाडजूड कादंबरी हातात ठेवली. मलपृष्ठावरच दोन मृत्यू आणि एक घटस्फोट.

तेव्हा नको असतात असं म्हणू नका. पैसे घेऊन मी दारात उभी होते.

आणि बायकांना विनोद साधत नाही म्हणणं तर धादांत खोटं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांत आली. वडिलांच्या सोवळ्याबद्दल त्यांनी लिहिलंय त्यावर आमच्या घरात तीन पिढ्या हसल्यात. पद्मजा फाटकांनी स्वतःच्या मूत्रपिंडाच्या आजारावर पुस्तक लिहिलं आणि नाव दिलं ‘हसरी किडनी’. शकुंतला फडणीस, मंगला गोडबोले यांनी तर कितीतरी लिहिलंय. हे काय रडकं आहे?

सदाशिव_तीस

ते मीच लिहिलं होतं, आणि अजूनही म्हणतो. तुमची यादी पुन्हा एकदा बघा. एक आत्मचरित्र, एक अनुभवकथन, बाकी कथा आणि लेख. मी कादंबरी म्हणालो होतो. तुम्हीच दुकानात कादंबरी मागितलीत आणि इथे भलतीच यादी दिलीत.

याला कारणही आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि तिथून पुढे मराठी विनोदाला सात-आठ पानांची सवय लागली. संपादकाला ऑगस्टमध्ये विनोदी कथा हवी असते, तीनशे पानं कोणालाच नको असतात. पुरुषांचंही तेच झालं. चिं. वि. जोशींचा चिमणराव किती मोठा, पण तो कथांतलाच. मात्र रडक्या कादंबऱ्या भरपूर छापल्या गेल्या, कारण खपल्या. घेतल्या कोणी? माझी बायको रोज रात्री साडेआठला मालिका बघत डोळे पुसते. मी डोळ्यांनी बघतो ते सांगतोय.

एरंडवण्याची_लायब्ररी

मी घराच्या गॅरेजमध्ये २२ वर्षं वाचनालय चालवलं. ‘घेतल्या कोणी’ हे मला विचारा. रजिस्टर माझ्या हातात असायचं.

बायका हलकं मागायच्या, पण हळू आवाजात. एक बाई दर मंगळवारी दोन पुस्तकं न्यायच्या. वर एखादी भारदस्त ऐतिहासिक, खाली विनोदी. घरी सासरे विचारायचे, काय आणलंस? वरची परत यायची तेव्हा खूण सतराव्या पानावर असायची. खालची दोन दिवसांत संपलेली. नव्या विनोदी पुस्तकासाठी बायका माझ्याकडे नंबर लावायच्या. पण खरेदीला गेले की विक्रेता म्हणायचा, कौटुंबिक घ्या, तेच चालतं. मी तेच घ्यायचे, कारण दुसरं फारसं नसायचंच. म्हणजे तेच चालायचं. या चक्रात माझाही हात होता, हे कबूल करते.

एक मात्र खरं. हसरी पुस्तकं सगळ्यांत लवकर खराब व्हायची. पान पान पेन्सिलीच्या शेऱ्यांनी भरलेलं.

मुठाकाठ

बरं झालं हा विषय निघाला! ही शेरे मारणारी मंडळी पुण्याला लागलेली कीड आहे. पेठेतल्या एका ग्रंथालयातून मी गेल्या महिन्यात कादंबरी आणली. पान १२ वर समासात लिहिलेलं, ‘हा शेवटी सुधारतो’. संपलं! पुढची २०० पानं मी कशासाठी वाचायची? शुद्धलेखनाच्या चुका काढणारे वेगळे, ‘हे अशक्य’ लिहिणारे वेगळे. परत करताना तक्रार केली तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुम्हीच केलं नाही कशावरून? वर्गणीदार म्हणून ३१ वर्षं झाली मला. दंड लावा, सभासदत्व रद्द करा.

नारायण_पेठेचा

इतकं कठोर होऊ नका. माझी आजी दर गुरुवारी वाचनालयात जायची. ती गेल्यावर चार वर्षांनी मी तिथूनच एक विनोदी कथासंग्रह आणला. एका पानावर पेन्सिलीने, तिच्याच वळणदार अक्षरात, ‘अगदी आमचे हे!’ आजोबांसमोर आजी कधी मोठ्याने हसलेली मला आठवत नाही. ते तीन शब्द वाचून मी पायरीवर बसून राहिलो. ग्रंथपालांच्या हातापाया पडून, नवी प्रत विकत आणून दिली आणि ते पुस्तक घरी आणलं. तो शेरा कोणी खोडला असता तर?

मुठाकाठ

तुमच्या आजींबद्दल वावगा शब्द काढणार नाही. पण एका आजीसाठी शंभर जणांची पुस्तकं खराब करायची का? स्वतःच्या प्रतीत हवं ते लिहावं.

नारायण_पेठेचा

स्वतःची प्रत घ्यायला तिच्या हातात पैसे कधी होते, काका?

सदाशिव_तीस

कादंबरीवर बोला. शेऱ्यांसाठी वेगळं भांडा.

हिंजवडी_शटल

इंग्रजी वाचणारी बोलते, कारण टोमणा आम्हालाच होता. हेलन फील्डिंगची नायिका ब्रिजेट जोन्स आधी १९९५ मध्ये वर्तमानपत्रातल्या सदरात आली, कादंबरी १९९६ मध्ये झाली. म्हणजे तिची सुरुवातही आठवड्याच्या तुकड्यांतूनच. मग दिवाळी अंकाच्या आठ पानांवर खापर का फोडता? मराठी पुरवण्यांत बायकांची खुसखुशीत सदरं कितीतरी आली. पुस्तक झालं तर लेखसंग्रहच होतो. त्या निवेदिकेला नोकरी, घर, प्रेम देऊन तिची सलग गोष्ट कर, असं तिला कोणी म्हटलं का?

आणि हे परदेशीच असतं असंही नाही. अनुजा चौहान यांची ‘द झोया फॅक्टर’ २००८ ची. नायिका जाहिरात कंपनीत काम करते आणि भारतीय क्रिकेट संघ तिला शुभशकुन मानायला लागतो. मी ती हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वाचली, शेजारी बसलेली बाई मला बघून हसायला लागली. हे मराठीत व्हायला काय हरकत आहे? आपली नायिका चुकली की तिला पश्चात्तापच करावा लागतो. चुकली, तोंडघशी पडली, उठून पोहे खाल्ले आणि कामाला गेली, असं का नाही?

सदाशिव_तीस

त्या नायिका वाइन पितात आणि वजन मोजतात. कोथरूडच्या ६९ वर्षांच्या बाईंना त्यात काय सापडणार?

कोथरूडची_लेक

माझ्या आईला काय सापडेल हे तुम्ही ठरवू नका! वजन ती रोज सकाळी करते आणि काट्याला नावं ठेवते. टेलिफोन खात्यात ३४ वर्षं नोकरी केली तिने. दुपारच्या डब्याच्या वेळी त्या सात जणी जे बोलायच्या ते कोणी लिहून ठेवलं असतं तर तीच कादंबरी झाली असती. मी लहानपणी सुट्टीत तिच्याबरोबर जायचे. साहेबांच्या नकला, नवऱ्यांच्या तऱ्हा, आणि हसता हसता मध्येच एखादी घरचं काही सांगायची, की सगळ्या गप्प. पाच मिनिटांनी परत हसू.

चिमणराव मला अतिशय प्रिय आहे. पण तिथे सांगणारा चिमणराव आहे. त्याची बायको काऊ आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून. मला काऊने सांगितलेला चिमणराव हवाय, चांगला तीनशे पानं.

सलग कादंबऱ्या फार थोड्या आहेत, हे तुमचं म्हणणं बरोबर. मी चौकात हात हलवत परत आले म्हणजे मान्य करावंच लागेल. पण बायकांना नको होत्या म्हणून नाहीत, हे मान्य करणार नाही. लायब्ररीवाल्या काकूंनी रजिस्टरच्या आधारे सांगितलंय.

सदाशिव_तीस

बायकोला विचारलं. म्हणाली, “साडेआठला तुम्ही जेवायला बसता, तेव्हा माझे हात रिकामे असतात आणि टीव्हीवर ते चालू असतं. दुसरं लावलंत तर दुसरं बघीन.” तेव्हा ‘बायकांनाच नको असतात’ एवढं वाक्य मागे घेतो. दिवाळी अंकांचं म्हणणं मागे घेत नाही.

एरंडवण्याची_लायब्ररी

कोथरूडच्या ताई, वाचनालय बंद केलं तरी दोन कपाटं मी मोडली नाहीत. कादंबरी म्हणाल तर नाही देऊ शकत, पण मंगला गोडबोल्यांचे तीन कथासंग्रह आहेत आणि जुन्या दिवाळी अंकांतल्या बायकांच्या विनोदी कथा मी कापून, शिवून ठेवल्यात, दोन जाड वह्या. आईंना उशीला टेकून धरता येतील अशा. शनिवारी दहानंतर या. डिपॉझिट नको. आईंचे पाय बरे झाले की त्यांनाच परत करायला पाठवा, मला त्यांच्याकडून टेलिफोन खात्याचं ऐकायचंय.

मुठाकाठ

वह्यांत शेरे आहेत का?

एरंडवण्याची_लायब्ररी

आहेत. माझेच आहेत.